शब्द बुडता कामा नये

मागच्या वर्षी भीमजयंतीचा कार्यक्रम आमच्या गावी, पालीला होता. पाली हे राजगडाच्या पाली दरवाज्याच्या पायथ्याचे गाव. तालुका पूर्वी वेल्हे. २०२४ साली त्याचे नाव राजगड झाले. १४ एप्रिलला आमची माणसे पुण्यात आणि मुंबईत आपापल्या वस्तीच्या मिरवणुकीत असतात, म्हणून गावचा कार्यक्रम त्यानंतरच्या रविवारी ठेवण्याची आमच्याकडे पद्धत आहे. समाजमंदिरासमोर मांडव होता, बायाबापड्या पुढे बसल्या होत्या आणि आमचे थोरले बंधू गायला उभे राहिले होते.

पहिले कडवे संपायच्या आत पुढच्या रांगेतील एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "आरं, गानं कुटं हाय? नुस्ता भुंगा वाजतोय!"

मांडव हसला. आम्हीही हसलो असू. पण दादा हसले नाहीत. त्यांनी दोन गाणी कशीबशी पुरी केली, माईक ढोलकीवाल्याच्या हातात दिला आणि ते मागच्या अंधारात निघून गेले. रात्री जेवताना एवढेच बोलले, "उद्यापास्नं पार्टी बंद. माझ्या तोंडचा शब्द माणसापातूर पोचत नसंल, तर गाऊन उपेग काय?"

तो भुंगा म्हणजे दादांच्याच मुलाची, आमच्या पुतण्याची गिटार होती.

दादांची गायन पार्टी तीस वर्षांची. पेटी, ढोलकी, बेंजो, कोरसला चार जण आणि मध्ये दादा. १९३० च्या दशकात भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी पायी हिंडून जी परंपरा रुजवली आणि वामनदादा कर्डकांनी २००४ पर्यंत, म्हणजे हयातभर जी चालवली, तिच्यातलीच ही एक लहानशी दिवटी. या परंपरेत वाद्य हे शब्दाचे वाहन आहे. ज्यांना अक्षरओळख नव्हती त्या माणसांपर्यंत विचार पोचवायचा होता, तो गाण्याने पोचवला. म्हणून दादांच्या त्या बोलण्यात नुसता राग नव्हता. तीस वर्षांचा हिशेब होता.

पुतण्या बावीस वर्षांचा. शिरवळकडे एका कारखान्यात कंत्राटी कामाला जातो. ओव्हरटाइमचे पैसे साठवून त्याने एक जुनी इलेक्ट्रिक गिटार घेतली आणि साडेआठ हजारांना एक सेकंडहँड यंत्र घेतले. त्या यंत्राला अँप मॉडेलर म्हणतात. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, वर सहा-सात बटणे, आत संगणक. जयंतीच्या रात्रीनंतर ते यंत्र खाटेखाली गेले आणि बापलेकांचे बोलणे बंद झाले. वहिनी मधल्या मध्ये दोघांचे ताट वाढत राहिल्या. शेवटी त्यांनीच आम्हाला फोन केला, "भावजी, तुम्ही शिकलेले. काय ते बघा."

आम्ही बी.कॉम. आहोत, पेशाने कारकून आहोत. यंत्रातले आम्हाला काही कळत नाही. पण नोंद ठेवणे कळते. आम्ही पुतण्याला शनिवार-रविवार धनकवडीला आमच्या दोन खोल्यांत बोलावून घेतले, एक शंभर पानी वही आणली आणि रकाने आखले. तारीख, जागा, बटण, आकडा, शेरा. त्या वहीतून जे हाती लागले ते आज सांगावेसे वाटते. कारण आता वस्तीवस्तीत पोरांच्या हाती गिटार आली आहे आणि घराघरांत हे भांडण थोड्याफार फरकाने चालू आहे.

प्रथम हे यंत्र काय करते ते सांगतो. इलेक्ट्रिक गिटारीच्या तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. तार थरथरली की वेटोळ्यात अगदी क्षीण वीज निर्माण होते. ती मोठी करायला अँप्लिफायर लागतो. जुने अँप्लिफायर काचेच्या व्हॉल्व्हचे होते, आपल्या आजोबांच्या रेडिओत असत तसे. व्हॉल्व्हला झेपेल एवढेच दिले तर आवाज स्वच्छ, घंटेसारखा येतो. अमेरिकेतल्या फेंडर कंपनीचा १९६३ चा ट्विन रिव्हर्ब अशा आवाजासाठी नावाजला गेला. याला पोरे क्लीन म्हणतात. झेपेल त्याच्यापेक्षा जास्त दिले तर आवाजाच्या लाटेचे शेंडे चेपले जातात, मूळ स्वरात नव्हते असे वरचे स्वर त्यात उमटतात आणि आवाज खरखरीत, दाट होतो. याला ओव्हरड्राइव्ह म्हणतात. आपल्या भाषेत, आवाज फाटतो.

गंमत अशी की आपण ज्याला दोष म्हणतो त्यालाच गिटारवाल्यांनी रंग मानले. १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल या ढोलताशांच्या दुकानदाराने गिटारीचे अँप्लिफायर बनवायला घेतले, त्यांचा फाटका आवाज पुढे जगभर गेला. त्याच शहरातल्या किंक्स या वाद्यवृंदाच्या डेव्ह डेव्हिस या पोराने तर १९६४ मध्ये दाढीच्या पात्याने स्पीकरचा कागदच फाडला आणि तो आवाज रेकॉर्डवर घेतला.

मॉडेलर म्हणजे या सगळ्याचे गणित. तो गिटारीचा आवाज सेकंदाला हजारो वेळा मोजतो, आकड्यांत मांडतो आणि अमुक व्हॉल्व्हचा अँप्लिफायर, अमुक खोक्यातला स्पीकर असता तर आवाज कसा झाला असता याचा हिशेब करून तो बाहेर काढतो. १९९८ साली लाइन सिक्स कंपनीचा राजम्याच्या दाण्यासारखा लाल पॉड आला आणि ही विद्या सामान्य वादकाच्या हाती आली. आज तर संगणकावर फुकट चालणारी मॉडेलेही मिळतात. ज्या अँप्लिफायरची किंमत ऐकून आपल्या पोराने दुकानाच्या पायरीवरूनच परत फिरावे, त्याचा आवाज साडेआठ हजारांच्या डब्यात यावा, ही गोष्ट आम्हाला लहान वाटत नाही.

मग मांडवात भुंगा का वाजला? वहीच्या पहिल्या पानावर त्याचे उत्तर आहे आणि ती चूक यंत्राची नव्हती, आमच्या अज्ञानाची होती. गिटारीचा स्पीकर सेकंदाला साधारण पाच हजार कंपनांच्या वरचा आवाज जवळजवळ सोडतच नाही. त्यामुळे फाटलेल्या आवाजातली टोचणारी खरखर आपोआप गाळली जाते. मांडवातले कर्णे मात्र तो सगळा आवाज बाहेर फेकतात. म्हणून यंत्रात एक निवड असते. पुढे गिटारीचा अँप्लिफायर जोडला आहे की मिक्सर? मिक्सर असेल तर यंत्राने स्पीकरच्या खोक्याची नक्कलही करायची असते. पुतण्याच्या यंत्रात ती नक्कल बंद होती. म्हणजे चाळणीच लावली नव्हती. एक बटण फिरवले आणि निम्मा भुंगा उडाला. पोराच्या डोळ्यांत पाणी आले. "काका, एवढ्यासाठी आप्पांनी पार्टी बंद केली?"

एवढ्यासाठी नव्हे, हे पुढच्या शनिवारी कळले.

यंत्रात कंपनीने भरून दिलेले तयार आवाज असतात. ते दुकानात एकट्याने वाजवून गिऱ्हाइकाला भुरळ पाडण्याजोगे असतात. खालचा आवाज भरपूर, वरचा भरपूर, घुमारा भरपूर. शिवाय पुतण्याने ते घरात हळू आवाजात लावून बसवले होते. आपला कान हळू आवाजात खालचे आणि वरचे स्वर कमी ऐकतो, म्हणून हात बेस आणि ट्रेबलकडे जातो. तोच आकडा मांडवात मोठ्याने लागला की बेस ढोलकीच्या धुमावर चढून बसतो आणि ट्रेबल कानात घुसतो. आम्ही सगळे तयार आवाज बाजूला ठेवले आणि कोऱ्या पानावर सुरुवात केली.

आधी क्लीन. गिटारीचा आवाज पूर्ण उघडा, तारा नव्या, यंत्राचा लाल दिवा लागता कामा नये. गेन दहापैकी तीन. जोरात छेडले तर आवाज किंचित खरवडावा, हळू छेडले तर स्वच्छ यावा, इथपर्यंत. बेस चार, मिडल सहा, ट्रेबल पाच. शंभर कंपनांच्या खालचे कापून टाकले, कारण तो प्रांत ढोलकीचा आहे. घुमारा चिमूटभर. पत्र्याच्या समाजमंदिराला स्वतःचा घुमारा पुष्कळ असतो, वर आपण कशाला घालायचा?

मग ओव्हरड्राइव्ह. पुतण्याचा गेन नऊवर होता. आम्ही म्हणालो, पाचवर आण. त्याला वाटले, जोर जाणार. पण गेन म्हणजे जोर नव्हे. गेन वाढवला की शेंडे आणखी चेपतात, हळू आणि जोरात यातला फरक मरतो, तारांवरची हाताची घसरसुद्धा ऐकू येते आणि चार स्वरांची पकड एका चिखलात कालवली जाते. पाचवर आणल्यावर प्रत्येक ठोका वेगळा कळू लागला. आणखी एक गोष्ट पेटीवर बसून आमच्या ध्यानी आली. फाटक्या आवाजात षड्ज आणि पंचम हे दोनच स्वर दाबले तर भिंत उभी राहते. मधला गंधार घातला की ती ढासळते. पोरांना ही गोष्ट इंग्रजी नावाने माहीत असते. आम्हाला ती सा आणि प अशी कळली.

तिसरा धडा कारकुनाचा. क्लीन आणि ओव्हरड्राइव्ह या दोन खात्यांचा मेळ. पायाने कळ दाबून क्लीनवरून ओव्हरड्राइव्हवर गेले की गिटार एकदम अंगावर येत होती. मिक्सरचा काटा मात्र दोन्हींना सारखाच दिसे. कारण सरळ आहे. क्लीन आवाज क्षणभर उसळतो आणि ओसरतो. फाटलेला आवाज चेपून सपाट झालेला असतो, तो सतत वरच राहतो. काटा उसळी मोजतो, कान सरासरी मोजतो. म्हणून काट्यावर विश्वास न ठेवता एकाने वाजवायचे, दुसऱ्याने लांब उभे राहून ऐकायचे आणि ओव्हरड्राइव्हचा आवाज कानाला जुळेपर्यंत उतरवायचा. आम्ही जिन्यात जाऊन उभे राहत असू. शेजारच्या मावशी विचारीत, "भाऊ, रुसून बाहेर आलात का?"

हे सगळे झाल्यावर पुतण्याने एक गाणे वाजवले आणि आम्ही दादांच्या चालीत शब्द म्हणून पाहिले. आवाज सुरेख होता. पण शब्द अजून बुडत होता. तेव्हा खरी मेख कळली. शब्द ज्या व्यंजनांमुळे ओळखू येतो त्यांचा मोठा भाग सेकंदाला दोन ते चार हजार कंपनांच्या आसपास असतो. ओव्हरड्राइव्ह गिटार नेमकी तीच जागा भरून टाकते. म्हणजे गिटार कितीही चांगली लावा, ती आणि गाणारा एकाच वेळी बोलले तर गाणाराच हरणार. येथे बटणाचा उपाय नाही. गप्प बसणे हाच उपाय.

"मग मी पार्टीत करू काय, काका?" पुतण्या म्हणाला. आमच्याकडे उत्तर नव्हते.

उत्तर पालीतच मिळाले. श्रावणात आम्ही यंत्र घेऊन गावी गेलो. मार्गासनीपासून पुढे पावसाने रस्ता दिसत नव्हता, खाचरांत भात हिरवेगार उभे होते. वर्षावासानिमित्त समाजमंदिरात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन चालू होते. वाचन संपल्यावर चार माणसे थांबली, त्यांच्यासमोर तालीम केली. दादा आत आले नाहीत. पाऊस पाहत ओसरीवर बसून राहिले.

जोडणी केली आणि घूं असा आवाज सुरू झाला. विजेची सेकंदाला पन्नास कंपनांची ती घरघर. गावचा एक हुशार मुलगा म्हणाला, "थ्री-पिनची मोठी पिन मोडून टाका, बंद होतंय." वाचक बंधू-भगिनींनो, येथे हात जोडून सांगतो, असे कधीही करू नका. ती पिन म्हणजे अर्थिंग. वादकाचा हात लोखंडी तारांवर आणि ओठ माईकला असतो; अर्थिंग तोडलेल्या यंत्रात बिघाड झाला तर वीज त्याच्या अंगातून जाते. आम्ही मिक्सर आणि मॉडेलर एकाच बोर्डावर घेतले, गिटारीची केबल हॅलोजनच्या वायरीपासून लांब नेली आणि साउंडवाल्याकडचा डी.आय. बॉक्स मध्ये लावला. घरघर बसली.

पुतण्या वाजवू लागला. त्याने ओव्हरड्राइव्हच लावून ठेवला होता. मग गिटारीवरचे आवाजाचे बटण त्याने सहज दहावरून चारवर आणले. आणि आवाज स्वच्छ झाला! यंत्रात काही बदलले नव्हते. गिटारीतून वीज कमी गेली, म्हणून तो नकली व्हॉल्व्ह चेपायचा थांबला, एवढेच. पण तो आवाज आमच्या आधीच्या क्लीनसारखा कोरडा नव्हता. त्याला कडेला थोडी खर होती, जुन्या माणसाच्या गळ्यासारखी.

ओसरीवरून दादा आत आले. दारात उभे राहिले. पत्र्यावर पाऊस वाजत होता, म्हणून त्यांनी कानाला हात लावला.

"ह्यो आवाज कुठला?" त्यांनी विचारले. चार महिन्यांनी मुलाला घातलेला तो पहिला प्रश्न.

पुतण्याने बटण दाखवले. दादा आमच्याकडे वळून म्हणाले, "आपल्या बेंजोचा हाय ह्यो आवाज. कर्ण्यातला."

खरेच होते. आमच्या पार्टीतल्या बेंजोलाही तारांखाली चुंबक आणि वेटोळे बसवलेले आहे. तो वर्षानुवर्षे साध्या अँप्लिफायरमधून, झाडाला बांधलेल्या कर्ण्यातून, झेपेल त्यापेक्षा थोडा जास्तच वाजत आला. तो किंचित फाटलेला, गोड, आर्त आवाज ऐकत आम्ही लहानाचे मोठे झालो. आम्ही सहा शनिवार लंडन-अमेरिकेचे आवाज शोधत होतो आणि आमचा ओव्हरड्राइव्ह आमच्याच झाडावर बांधलेला होता. बाहेरचे घेऊ नये असे आम्ही म्हणत नाही. मुंबईत धम्म विंग्जसारखे तरुण रॉकच्या चालीवर आपला विचार गातात. चेन्नईत जानेवारी २०१८ मध्ये कास्टलेस कलेक्टिव्हने गाना या वस्तीतल्या गायकीबरोबर इलेक्ट्रिक गिटार उभी केली आणि हजारो लोकांनी ती ऐकली. यंत्र कोणाचेही असो, कान आपला असला पाहिजे, इतकेच.

मग दादांनीच शिकवायला घेतले. बेंजोवाला कधी वाजवतो आणि कधी थांबतो हे त्यांनी मुलाला समजावले. गायक ओळ म्हणतो तेव्हा बेंजो मागे सरतो. ओळ संपली की ती ओळ उचलून परत म्हणतो. म्हणजे ऐकणाऱ्याला शब्द दोनदा मिळतो, एकदा गळ्यातून आणि एकदा तारेतून. पुतण्याने बटणावर करंगळी ठेवली. आप्पांचा श्वास सुरू झाला की चार, ओळ संपली की आठ, कोरस आला की दहा. पायाची कळ त्या दिवशी कोणी दाबली नाही. आमच्या वहीत त्या पानावर आकडे नाहीत. फक्त शेरा आहे, "श्वास पाहून."

अश्विन पौर्णिमेला वर्षावासाची समाप्ती झाली, त्या रात्री दादा पालीत पुन्हा गायले. त्यांचा आवाज आता पूर्वीसारखा वर जात नाही; दीड पट्टी खाली घ्यावी लागते. पूर्वी ही उणीव झाकायला ते ओरडत. त्या रात्री ओरडावे लागले नाही. ते शांत गायले आणि जेथे त्यांचा गळा पोचत नव्हता तेथे मुलाची तार जाऊन उभी राहत होती. तीच म्हातारी पुढच्या रांगेत होती. ती काही म्हणाली नाही. ओठ हलवून गाण्याबरोबर शब्द म्हणत होती, हे आम्ही बाजूला उभे राहून पाहिले.

समाजबांधवांना एवढेच सांगणे आहे. पोराने गिटार आणली, डबा आणला, तर तो वाया गेला असे समजू नका. त्याच्यासमोर वही घेऊन बसा. आणि पोरांनो, तुम्हीही एक करा. घरात जो म्हातारा गातो त्याला शेवटच्या रांगेत बसवा आणि विचारा, शब्द कळतो का? त्याने हो म्हटल्याशिवाय गेन वाढवू नका.

दादांनी अजून मुलाची स्तुती केलेली नाही, तो त्यांचा स्वभाव नाही. त्या रात्री सामान आवरताना मात्र ते यंत्रापाशी वाकले, बटणे न्याहाळली आणि म्हणाले, "फुडच्या टायमाला बेंजोची तार पण ह्या डब्यातनं घालून बघ."